चेहरा नेव्हीचा, पोट हलवायाचं

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वारलेले होते.

सासूबाई जी मालिका बघायच्या तिच्यात नायिकेच्या दिवाणखान्यात तिच्या वडिलांचा मोठा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार, खाली समई. दर संकटात नायिका त्या फोटोपुढे उभी राहून "बाबा, आज तुम्ही असता तर" म्हणून रडायची. भरदार कपाळ, कानशिलांवर पांढरे झालेले केस, नजरेत जगभरचा समजूतदारपणा. तो चेहरा मला तोंडपाठ झाला होता. पुढे आम्ही परळची खोली सोडून मीरा रोडला भाड्याचं घर शोधायला लागलो. एजंटनं सिल्व्हर पार्कातल्या एका इमारतीत नेलं, बेल वाजवली आणि दार त्या फोटोनंच उघडलं. खाली चौकड्यांची लुंगी, वर बनियन, आणि दोन्हींच्या मधे मालिकेच्या चौकटीत कधीच न मावलेलं एक पोट.

मी नवऱ्याचा दंड धरला. घरमालक मात्र खूश झाले.

"ओळखलंत वाटतं," ते खर्जात म्हणाले. "घाबरू नका. मी फक्त टीव्हीत जातो."

हे काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. हायवेपलीकडे गोडाऊनांसारख्या शेडमध्ये मालिकांची शूटिंगं चालतात. तिथे एका मित्राबरोबर ते लग्नाच्या गर्दीत उभं राहायला गेले होते. कुणाला तरी त्यांचा चेहरा आवडला, पण संवाद द्यावा इतका विश्वास वाटला नाही. मग फोटो काढला, हार घातला आणि भिंतीवर टांगला. तेव्हापासून ते वेगवेगळ्या घराण्यांचे दिवंगत वडील, आजोबा, एकदा तर दिवंगत ट्रस्टीसुद्धा झाले होते. या कामाचं त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. "जिवंत माणसाचा काय भरवसा? टीआरपी पडला की उडवतात. फोटोतला माणूस मालिका संपेपर्यंत टिकतो."

काकू समोरच बसून मटार सोलत असायच्या. त्या म्हणायच्या, "आणि फोटो छातीपर्यंतच असतो, हेही सांगा."

पोट हा त्या घरातला जुना विषय होता. स्वतःच्या देखणेपणाबद्दल काकांना शंका नव्हती. तो कुठपर्यंत पोचतो एवढाच प्रश्न होता. "मानेपर्यंत देवानं केलंय," ते सांगायचे, "मानेखालचं सगळं हिचं काम." त्यावर काकू म्हणायच्या, "देवानं अर्धवट सोडलेलं काम कुणीतरी पुरं करायला नको का?" काकू मूळच्या मालवणच्या. त्यांच्या हातची तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी खाल्ल्यावर देवाची बाजू घेणं अवघड जायचं.

काका पोटाला 'भाडेकरू' म्हणत. "अकरा महिन्यांच्या बोलीवर आला आणि जागा सोडायचं नाव नाही." हे ते आमच्यासारख्या खऱ्या भाडेकरूंसमोर बोलत, आणि वर हसायची अपेक्षा करत. इमारतीच्या लिफ्टमध्ये आरसा बसवून घेतला तो त्यांनीच. सोसायटीच्या सभेत त्यासाठी त्यांनी चप्पल आपटून "ऑर्डर, ऑर्डर" केलं होतं. लिफ्टमध्ये कुणी बाई शिरली की ते श्वास रोखून पोट आत घेत. आम्ही त्यांच्याच शेजारच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर राहायचो आणि लिफ्ट सावकाश चालायची. तळमजल्यावर दार उघडेपर्यंत काकांचा चेहरा जांभळा झालेला असायचा. मी एकदा म्हटलंही, "काका, सोडा श्वास, मी बघत नाहीये." ते तसेच, ओठ न हलवता म्हणाले, "सवय मोडता कामा नये."

भाईंदर पश्चिमेहून एक कोळीणबाई मासे घेऊन दारावर यायची. तिच्यासमोरही काका श्वास धरून भाव करत. एकदा घासाघीस लांबली, तशी ती पाटी उचलत म्हणाली, "काका, आदी श्वास घ्या, मंग भाव करा. पापलेट कुठं पलून जात न्हाय, पन तुमचा जीव जाईल." तिच्याकडून ते पुढे महिनाभर फक्त बोंबील घेत होते.

त्यांची आणखी एक अट होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आमचं कॅलेंडरसुद्धा फ्रिजला चुंबकानं लावलेलं होतं. "ज्या माणसाचं आयुष्य खिळ्यावर लटकलंय त्यालाच खिळ्याची किंमत कळते," असं त्यांचं म्हणणं.

हे असंच हसतखेळत चाललं असतं. पण एका मालिकेत निवृत्त नौदल अधिकाऱ्याची भूमिका निघाली. चालता-बोलता, मुलांवर खेकसणारा, संवाद असलेला माणूस. कास्टिंगवाल्या मुलानं काकांना बोलावलं, पांढरा गणवेश चढवला, गुंड्या लावायचा प्रयत्न केला आणि मागे सरकून बघत म्हणाला, "अंकल, फेस तो एकदम नेव्ही का है. लेकिन पेट हलवाई का है. थोडा कम करो ना, शूट को टाइम है."

काका घरी आले. मी चहा घेऊन गेले तर गॅलरीत पाठमोरे बसलेले. मला वाटलं, हे नेहमीचंच नाटक. पण ते म्हणाले, "पुण्याची नात परवा फोनवर काय म्हणाली माहितेय? 'आबा, तुम्ही टीव्हीत जिवंत कधी होणार?' लहान आहे गं. तिला हाराचा अर्थ आत्ता कळायला लागलाय."

तेव्हा काकू घरी नव्हत्या. मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी त्या पुण्याला गेल्या होत्या. असत्या तर त्यांनी एका वाक्यात काकांना जमिनीवर आणलं असतं. त्या नसल्यामुळे काकांनी आधी दुधीचा रस प्यायला, मग उन्हात स्वेटर घालून कॉम्प्लेक्सला फेऱ्या मारल्या, आणि शेवटी चरबी शोषून काढायच्या ऑपरेशनचा शोध लावला. लायपोसक्शन हा शब्द ते अगदी इंग्रजी सिनेमातल्यासारखा उच्चारत.

आधी ते बोरिवलीच्या एका बुजुर्ग सर्जनकडे गेले. मीही सोबत होते, कारण मला तिकडे काम होतं. डॉक्टरांनी त्यांना आडवं केलं, पोटाची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला आणि हसले.

"हे बघा, चिमटीत येते ती चरबी नळीनं काढता येते. ती कातडीखाली असते. तुमचं पोट नगाऱ्यासारखं कडक आहे. म्हणजे तुमची चरबी आत आहे, आतड्यांभोवती. तिथे आमची नळी जात नाही. जाऊही नये."

"थोडी तरी निघेल ना?" काका.

"थोडी निघेल, पण पोट तेवढंच दिसेल. शिवाय तुम्हाला बीपी आहे, साखर आहे, वय आहे. हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाहीये. एखाद्या धडधाकट माणसाची एखादी जागा व्यायामानंही कमी होत नसेल, त्याच्यासाठी ठीक. तुम्ही रोज चाला, रात्रीचा भात सोडा, आणि सहा महिन्यांनी मला भेटा."

बाहेर आल्यावर काकांनी निकाल दिला. "माणूस चांगला आहे. पण याला कॅमेऱ्याचं काही कळत नाही. आणि त्याचं स्वतःचं पोट पाहिलंस?"

नंतर त्यांना हायवेवर एका शोरूमच्या वरच्या मजल्यावरचं सेंटर सापडलं. तिथे माशांची टाकी होती, भिंतीवर माणसांचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो होते, आणि एक गोड मुलगी होती. ती म्हणाली, "सर, सुबह आओ, शाम को घर. एकदम सिंपल." घरचं माणूस सोबत लागेल एवढीच त्यांची अट. काका माझ्याकडे आले.

"भाची म्हणून चल."

"काकूंना विचारा आधी."

"सरप्राइज आहे तिला."

"मग मी सांगते त्यांना."

काकांनी दाराबाहेर बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुला हॉलमध्ये एक खिळा ठोकायची परवानगी देतो."

मी खिळा नाकारला. बरंच भांडले, नवराही त्यांना समजावून थकला. पण ते एकटेच निघाले तेव्हा राहवेना. मी गेले, आणि तिथल्या डॉक्टरांना सरळ सांगितलं की यांना बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत. काका माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांचा संवाद खाल्ला. डॉक्टर घाईत होते. "बीपी तो आजकल सबको होता है," म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी काका बाहेर आले ते छातीपासून मांड्यांपर्यंत घट्ट पट्ट्यात आवळलेले. आत आधी औषधाचं पाणी भरतात, मग नळ्यांनी चरबी ओढून घेतात. ते पाणी भोकांमधून दोन दिवस झिरपत राहतं, हे आम्हाला घरी आल्यावर चादर गुलाबी झाली तेव्हा कळलं. नवऱ्यानं त्यांच्या पलंगावर जुनी चादर, तिच्याखाली प्लॅस्टिक आणि वर्तमानपत्रं अंथरली. काकांनी वेदनेतही बजावलं, "माझी मुलाखत आलेला पेपर नको." त्यांची मुलाखत कुठल्याच पेपरात आलेली नव्हती.

सेंटरमधल्या मुलीनं निघताना सांगितलं होतं, "लेटे मत रहना अंकल, घर में चलते रहो." काकांनी ते ऐकलं नाही. चालायचं तर खिडकीसमोरून जावं लागणार, समोरच्या विंगमधले बघणार, आणि पट्ट्यातले काका मुंडावळ्या विसरलेल्या नवरदेवासारखे दिसत होते. त्यांनी पडदे लावले, व्हायरल झालाय असं वॉचमनला कळवलं आणि उताणे पडून राहिले. मी सकाळ-संध्याकाळ मुगाची खिचडी घेऊन जायचे आणि उठा म्हणून मागे लागायचे. "कमांडर खिचडी खात नाहीत," असं म्हणत ते ती संपवायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. पोट काळंनिळं झालं होतं आणि सुजून आधीपेक्षा मोठं दिसत होतं. "सूज उतरली की बघ," ते म्हणायचे. मग एका संध्याकाळी डावी पोटरी दुखते म्हणून त्यांनी माझ्याकडे बाम मागितला. "वात आहे. आमच्या घराण्यात आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा ते काकूंशी फोनवर बोलत होते. रोज बोलायचे; काकूंना वाटत होतं यजमान मनावर घेऊन फिरायला जातायत.

"हो हो... चालतोय ना... म्हणून तर धाप लागलीय... कॉम्प्लेक्सला... दुसरा राउंड..."

मी दारात उभी होते. काका पलंगावर आडवे होते. श्वास मात्र खराच धावणाऱ्या माणसासारखा. आधी मला हसू आलं, काय अभिनय करतायत म्हणून. मग त्यांनी फोन ठेवला आणि धाप थांबली नाही. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. "छातीत जरा टोचतंय गं," ते म्हणाले. आवाजात खर्ज राहिलेला नव्हता. मी पांघरूण बाजूला केलं. डावा पाय उजव्याच्या दीडपट झालेला, हात लावला तर गरम.

सेंटरचा फोन कुणी उचलेना. नवऱ्यानं शेजारच्यांची गाडी काढायला लावली. खुर्चीत बसवून काकांना लिफ्टमध्ये घेतलं. तेव्हा त्यांनी आरशाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, पट्टा बघितला आणि एकच विचारलं, "ऑपरेशन कधी झालं?" मग काकांना आत नेलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेलाय. अशा ऑपरेशननंतर हे होऊ शकतं. वय, वजन आणि पडून राहणं यांनी शक्यता वाढते. "वेळेत आणलंत. पण आजची रात्र मी काही सांगू शकत नाही. घरच्यांना बोलवा."

मी काकूंना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे त्यांनी रडणारं बाळ कुणाच्या तरी हातात दिल्याचं ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे सकाळी ते चालत नव्हते."

"नाही काकू."

"निघते मी."

अंधार पडायच्या आत त्या आल्या. अंगावर घरातलीच साडी, एका हाताला बाळाच्या तेलाचा वास. आयसीयूत दोघींना सोडत नव्हते, पण काकूंनी माझा हात सोडला नाही आणि नर्सनंही मग दुर्लक्ष केलं. काका तोंडावर मास्क लावून पडले होते, भोवती यंत्रं टिकटिकत होती. काकूंना बघून त्यांनी मास्क काढायला हात उचलला. नर्सनं तो खाली दाबला. सरकारी खात्यात आणि मालिकांत घालवलेल्या आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच ऐकून घ्यायची वेळ आली होती.

"हार घालून बसायची इतकी सवय झाली का हो?" काकू म्हणाल्या.

काकांनी मान हलवली.

"या पोटाला मी लग्न झाल्यापासून जेवायला घालतेय. काढायच्या आधी मला विचारायचं तरी." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. काकांच्या डोळ्यांतून पाणी येऊन मास्कच्या कडेनं कानाकडे गेलं. त्यांच्या हाताला सुया टोचलेल्या, त्यामुळे ते काकूंनीच पुसलं.

ती रात्र निघाली. त्यानंतरच्याही निघाल्या. काका घरी आले तेव्हा इमारतीत कुणालाही व्हायरलचं नाव काढायची गरज राहिली नव्हती, कारण काकूंनी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सगळं सांगून टाकलं होतं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या बरेच महिने चालल्या. दाढी करताना जरा कापलं तरी रक्त लवकर थांबेना, म्हणून त्यांनी दाढी वाढवली. पोटाचं म्हणाल तर सूज उतरल्यावर ते साधारण पूर्वीएवढंच निघालं. फक्त पूर्वी गोल होतं, आता जुन्या गादीतला कापूस गोळा व्हावा तसं कुठे उंच, कुठे खोल. बेंबीच्या बाजूचा एक भाग अजून बधिर आहे. काका तिथे बोट टेकवून म्हणतात, "इथे कुणीतरी दुसराच राहतो. बेल वाजवली तर उघडत नाही."

बोरिवलीच्या सर्जनांकडे ते पुन्हा गेले. ते रागावले नाहीत. पोट तपासून फक्त म्हणाले, "सहा महिन्यांनी या म्हटलं होतं. आलात वेळेवर."

नौदल अधिकाऱ्याची भूमिका दुसऱ्याच माणसाला मिळाली. सपाट पोट, कडक सलाम. आम्ही सगळे काकांच्या घरी बसून ती मालिका बघायचो. थोड्याच दिवसांत कथा फिरली आणि अधिकारी बोटीसकट बुडाला. दिवाणखान्यात त्याचा हार घातलेला फोटो लागला. काका बराच वेळ तो फोटो निरखत होते. "नवशिका आहे," ते म्हणाले. "मेल्यावर इतकं हसतात का?"

आता सोसायटीत कुणाच्याही डोक्यात असलं ऑपरेशन आलं की त्याला काकांकडे पाठवतात. परवा तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आली. नवघरहून लग्न होऊन इकडे आलेली, मूल वर्षाचं. मी तिथेच होते. ती आधी इकडचंतिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "काका, हे म्हणतात की डिलिव्हरीनंतर पोट सुटलंय, करून टाक. त्यांनी कुठेतरी चौकशीपण केलीय. फार दुखतं का हो?"

मला वाटलं आता भाषण होणार. पण काका टीव्ही बंद करून तिच्यासमोर बसले आणि साध्या आवाजात बोलले. करूच नको असं ते म्हणाले नाहीत. डॉक्टर कुठला, तो खरंच याच कामाचा शिकलेला आहे का, भूल कोण देणार, काही बिघडलं तर तिथे आयसीयू आहे का, हे विचार. चालू असलेली गोळी लपवू नकोस. पाणी साचतं, जंतू होतात, कातडी वरखाली राहते, हे धरून चाल. झाल्यावर पडून राहू नकोस. एक पाय सुजला, धाप लागली, तर लाजू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ. आणि तुला स्वतःला हवंय का ते आधी ठरव.

ती मान खाली घालून ओढणीचं टोक गुंडाळत होती. "मला नाही वाटत तितकं. पण यांना तुम्हीच सांगाल का? माझं ऐकत नाहीत."

"पाठव संध्याकाळी."

संध्याकाळी ती नवऱ्याला घेऊन आली. ऑफिसातून थेट आलेला असावा, गळ्यात ओळखपत्र होतं. ते सरळ खाली लोंबत नव्हतं. पोटावर आडवं पहुडलं होतं. शर्टाची मधली गुंडी आता सुटते की मग, अशी ताणलेली. काका दारापर्यंत गेले, त्याला हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं, चष्मा पुसून नीट पाहिलं आणि अतिशय काळजीनं विचारलं,

"पेशंट तुम्हीच ना?"

तो गोरामोरा झाला. "नाही, म्हणजे... ही."

"ही?" काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. "बरं. मग तुमचं झाल्यावर हिचं बघू."

ती मुलगी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. लग्न होऊन ती इमारतीत आल्यापासून तिचं हसणं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. तेवढ्यात काकूंनी कांदाभज्यांची ताटली आणून मधे ठेवली. तिनं डोळे पुसत पुसतच एक भजी उचलली आणि खाल्ली, मग दुसरी. नवऱ्यानं ताटलीकडे हात नेला, काकांकडे पाहिलं, आणि हात मागे घेऊन शर्ट खाली ओढला.

"घ्या हो," काकू म्हणाल्या. "आपल्याकडे सगळ्यांना वाढतात."